लग्नाच्या दिवसापासून अपात्र

१६ जानेवारी २०२२

आजपासून डायरी. बोयेत म्हणाला, "पारे, कोर्टाचं प्रकरण आहे. रोजच्या रोज लिहून ठेव." बोयेत आमच्या बारांगायचा, म्हणजे वॉर्डाचा, निवडून आलेला सदस्य आणि माझ्या मुलीचा, आयलीनचा, धर्मबाप, म्हणून मला 'पारे' म्हणतो. त्याचं ऐकावं लागतं. वही नानायने दिली. ऐंशीच्या पुढे गेली माझी आई, पण मागितलेली वस्तू तिच्या कपाटात असतेच.

तर झालं असं. दर रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की मी झेनीच्या दुकानात लोमी खातो. झेनी माझी बायको. सहा वर्षांपूर्वी ती मला सोडून गेली, म्हणजे तीन गल्ल्या पलीकडे गेली आणि लोमीचं दुकान टाकलं. अख्ख्या लिपा शहरात अशी घट्ट, जाड शेवयांची लोमी दुसरीकडे मिळत नाही, त्यामुळे मी मनात राग धरलेला नाही.

आज वाटी ठेवून ती समोर बसली. ती कधी बसत नाही.

"मी अर्ज करतेय, देल्यो. आपलं लग्न रद्द व्हावं म्हणून."

"क्रिस्पिनसाठी?" क्रिस्पिन म्हणजे निवृत्त बस मेकॅनिक, बायको वारलेली. हा रोज येऊन तिचा पंखा दुरुस्त करतो. एवढा बिघडणारा पंखा मी पाहिलेला नाही.

"नोव्हेंबरमध्ये तो इथेच कोसळला. हॉस्पिटलात विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? माहितीये मी काय सांगितलं? म्हटलं, ते माझ्याकडे लोमी खातात. पाच तास मला बाहेर बसवलं. आत त्याच्या जवळ कोणी नव्हतं." तिने टेबल पुसलं. ते पुसलेलंच होतं. "दोन वर्षांत त्याच्या हृदयाची झडप बदलायला लागणार. तेव्हा मला बाहेर बसायचं नाही."

"मग मी काय करू?"

"काही करू नकोस. ते तुला छान जमतं."

मी दुसरी वाटी मागवली.

१९ जानेवारी

बोयेतने घरी येऊन कायदा समजावला. आपल्या फिलिपिन्समध्ये घटस्फोट नाही, पण वाटा आहेत म्हणे. नानायने त्याला काळी बाराको कॉफी दिली आणि दारातच शेंगा सोलत बसली.

"नवरा परदेशी असेल आणि तिकडे त्याने घटस्फोट घेतला, तर तो इथे चालतो. तू परदेशी आहेस?"

"मी तर मनिलालासुद्धा दोनदाच गेलोय."

"मुसलमानांचा कायदा वेगळा, त्यात सोय आहे. पण तू मुसलमान नाहीस, आणि उद्या गावच्या संताचा फिएस्ता आहे, डुक्कर आत्तापासून भाजायला लावलंय. तेही राहू दे. तिसरी वाट, नवरा चार वर्षं बेपत्ता असला तर तो मेला असं कोर्टाकडून ठरवून घेता येतं."

"हे बरं आहे की! मी बेपत्ता होतो."

"तू दर रविवारी तिच्याच दुकानात दोन वाट्या लोमी खातोस, पारे. मेलेल्याला एवढी भूक नसते. म्हणजे उरली चौथी वाट. लग्नाची जबाबदारी पेलायला तू मनाने अपात्र होतास, हे सिद्ध करायचं."

"म्हणजे वेडा?"

"वेडा नाही. नवरा म्हणून अपात्र. आणि आज अपात्र असून भागत नाही, अगदी लग्नाच्या दिवशी असायला हवास."

मी पोट धरून हसलो. लग्नाच्या दिवशी मी किती पात्र होतो ते सगळ्या गावाने पाहिलंय. फोटो आहेत. नानाय काही हसली नाही. शेंगांची सुपली उचलून आत गेली.

२० जानेवारी

काल हसलो खरा, पण लग्नाच्या दिवसाची एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. वहीला सांगायला हरकत नाही.

४ जून १९९४. लग्नात नवऱ्याने नवरीला तेरा नाणी द्यायची असतात, तुझं सगळं मी बघीन म्हणून. माझी तेरा नाणी छोट्या पिशवीत तयार होती. सकाळी पाच वाजता मी सहज झुंजीच्या आखाड्याकडे चक्कर मारली. लग्नाचा दिवस, नशीब जोरात असणार, असा माझा हिशोब होता. कोंबडा लाल होता आणि त्याचे डोळे फसवे होते. रिकामी पिशवी खिशात घालून घरी आलो, विजार काढली, आंघोळीला गेलो आणि हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या संत अंतोनियोला मनापासून हाक मारली.

चर्चमध्ये वेळ आली तेव्हा घाबरत खिशात हात घातला. पिशवी जड! खुळखुळ वाजत होती! तोंड मात्र दोऱ्याने घट्ट शिवलेलं, सुटेना. पाद्री म्हणाले, असू दे, तशीच दे. मी दिली.

संतांचं काम पक्कं असतं. तेव्हापासून दर मंगळवारी मी एक मेणबत्ती लावतो, एकही चुकवलेला नाही. अपात्र माणसाला हे जमेल?

३ मे

कोर्टाचा माणूस समन्स घेऊन आला. मी सेनादोरला आंघोळ घालत होतो. सेनादोर माझा कोंबडा. समन्सवर त्याने शेपटी झटकल्याचे शिंतोडे आहेत. बोयेतने अर्ज वाचून दाखवला. वाचताना त्याला दोनदा ठसका लागला, तो मला खरा वाटला नाही. मुद्दे आणि माझी उत्तरं लिहून ठेवतो.

आरोप, मी तिचा गॅसचा स्टोव्ह विकून झुंजीचा कोंबडा आणला. उत्तर, दोन बर्नरपैकी एक आधीच बंद होता. शिवाय तो कोंबडा दोनदा जिंकला.

आरोप, आयलीनला डेंग्यू झाला तेव्हा मी औषध आणायला गेलो आणि तिसऱ्या दिवशी परत आलो. उत्तर, पण औषध आणलं होतं.

आरोप, बावीस वर्षांत अकरा धंदे केले. उत्तर, ही तक्रार आहे की कौतुक? लावीची अंडी, मशरूम, भाड्याने गाण्याचं मशीन, काय नाही केलं? माणूस आळशी असता तर एकच करून बसला असता.

शेवटी मानसतज्ज्ञाचं मत आहे. मी 'अपरिपक्व, स्वतःत रमणारा आणि आईवर विसंबून असलेला' आहे म्हणे. मला भेटला नाही, चहा प्यायला नाही, आणि मत! मी नानायला म्हटलं, "ऐकलंस का हे?" ती माझा शर्ट इस्त्री करत होती. म्हणाली, "हात वर कर, बाहीचं माप बघू दे."

१२ जुलै

नानायचे डोळे बिघडलेत बहुतेक. झेनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. सकाळी गेल्या, दुपारी आल्या. चष्मा जुनाच आहे.

९ ऑगस्ट

नानाय पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे. घरी आल्यावर मला विचारते, "देल्यो, तू पहिलीत असताना बकरी विकून पतंग आणला होतास, ते साल कोणतं रे?" म्हातारपणी जुन्या आठवणी येतात माणसाला. मी साल सांगितलं.

तातायचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, बोटीवरचा कोट तिने आज उन्हात टाकला होता. मी दहा वर्षांचा असताना ताताय समुद्रावर गेले ते आलेच नाहीत. कोट आला. त्याला एकही बटण नाही. नानाय म्हणते उंदरांनी नेली. पितळ पळवणारे उंदीर आमच्याच घरात निघायचे.

२१ सप्टेंबर

आज मजा झाली. नवरा-बायको आतून संगनमत करून लग्न मोडत नाहीत ना, हे सरकारी वकील तपासतात. संगनमत दिसलं तर अर्ज संपला. झेनीने चार वेळा बजावलं होतं, "वेगवेगळं जायचं. ओळख दाखवायची नाही."

स्टँडवर एकच जीपनी, प्रवासी जीप, उभी होती. ती पुढे बसली, मी मागे. पण सवय असते माणसाला. भाडं पुढे पाठवताना मी ओरडलो, "दोघांचं घ्या!" उतरल्यावर तिने माझी कॉलर सरळ केली. मी वकीलबाईंसाठी डब्यात सुमान, केळीच्या पानात वाफवलेला चिकट गोड भात, नेला होता. कोणाच्या दारात रिकाम्या हाताने कसं जायचं? झेनीनेही डबा नेला होता. दोन्ही डबे टेबलावर एकदमच ठेवले गेले. ते एकाच जोडीतले होते.

वकीलबाई कितीतरी वेळ डब्यांकडे बघत राहिल्या. "तुमचं दोघांचं काही एकमत झालंय का?"

मी म्हटलं, "बाई, अठ्ठावीस वर्षांत कशावर झालं नाही. आजसुद्धा तिचं म्हणणं सुमान आणायला नको होता."

"मी म्हटलंच होतं, नको आणूस!" झेनी कडाडली. "लाच वाटेल म्हटलं! कधी ऐकशील? एकदा तरी?" मग स्टोव्ह निघाला, डेंग्यू निघाला, मशरूम निघाले. दहा मिनिटं ती थांबली नाही. वकीलबाईंनी लिहिलं, संगनमत आढळले नाही. डबे मात्र परत दिले.

जीपनीत झेनी मला म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा तुझा उपयोग झाला." चांगल्या मनाने म्हणाली असावी.

६ फेब्रुवारी २०२३

कोर्टाचा जाड लिफाफा आला. साक्षीदारांची जबानी असेल. बोयेत मिंदोरोला गेलाय आणि असले लिफाफे मी एकट्याने उघडत नाही. सेनादोरच्या खाद्याचा डबा डगमगत होता, त्याखाली ठेवला. बरोबर बसला.

७ मे

आखाड्यात आज एकाने हाक मारली, "काय अपात्र, कोणावर लावतोस?" सगळे हसले. मीही हसलो, पण पैज न लावताच घरी आलो.

मी वाईट नवरा असेन. असतील चुका. पण लग्नाच्या दिवशी? त्या दिवशी मी तिला मनापासून हो म्हटलं होतं. कोर्टाच्या कागदावर कायमचं लिहिलं जाणार की ते हो म्हणणंच खोटं होतं. हे मी होऊ देणार नाही. परवा सुनावणी आहे. मी जाणार. बोयेतने चार मुद्द्यांचं भाषण लिहून दिलंय. तो म्हणतो, मी उभा राहून नीट बोललो तर कोर्टाला ऐकावंच लागेल आणि अर्ज फेटाळलाही जाईल.

क्रिस्पिनचं काय, ते मी आज विचारात घेतलं नाही.

९ मे, मंगळवार

सकाळी नानाय डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. चांगला झगा घालून. मी मेणबत्ती लावली, समारंभाचा बारोंग शर्ट घातला, भाषण खिशात ठेवलं. पोहोचायला उशीर झाला, कारण सेनादोर सुटला होता. कोर्टाचं दार ढकललं तर साक्षीदाराच्या खुर्चीत नानाय.

मला वाटलं, खोली चुकली. मग झेनी दिसली आणि तिचा चेहरा उतरला. न्यायाधीशबाईंनी मला बसायला सांगितलं. मी बसलो.

सरकारी वकीलबाई विचारत होत्या, "आजी, बकरी झाली, पतंग झाला. आणि स्टोव्ह वगैरे लग्नानंतरचं. लग्नाच्या दिवशी तो कसा होता?"

"तेच सांगायला आलेय," नानाय म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. "पहाटेच लग्नाची तेरा नाणी घेऊन झुंजीला गेला. शिट्टी वाजवत आला, तेव्हाच कळलं की हरलाय. तो आंघोळीला गेला, मी विजार इस्त्रीला घेतली, तर खिशात पिशवी रिकामी. तासाभरावर लग्न. मग मी नवऱ्याचा कोट काढला. पुढची, खिशांची, बाह्यांवरची मिळून तेरा बटणं भरली. कापली, पिशवीत घातली आणि तोंड शिवलं. दुहेरी टाका घातला, कोणी उघडू नये म्हणून."

"त्याला सांगितलंत?"

"वाट बघितली. म्हटलं, कधीतरी विचारेल, नानाय, ही नाणी आली कुठून? एकोणतीस वर्षं झाली. विचारलं नाही. दर मंगळवारी संताला मेणबत्ती लावतो." खोलीत कोणीतरी हसलं. नानाय हसली नाही. "पोरगा मनाने वाईट नाही हो. पण पडला की कोणीतरी खाली गादी घातलेली असते, आणि त्याला वाटतं जमीनच मऊ आहे. ती गादी मी घातली. त्या दिवशी चर्चमध्ये तोंड उघडलं असतं तर ही पोरगी सुटली असती. आज सुटू दे."

मी झेनीकडे पाहिलं. तिने रुमाल तोंडावर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. आधी वाटलं रडतेय. ती हसत होती. मग खरंच रडायला लागली.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तुम्हाला साक्षीदाराला काही विचारायचंय?"

मी उभा राहिलो. खिशातलं भाषण हाताला लागत होतं. घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. नानायला अकरा वाजता खायला लागतं, हे मला माहीत आहे, कारण तेव्हा ती मलाही वाढते.

"नानाय, तू जेवलीस का?"

"नाही रे."

"मला एवढंच विचारायचं होतं," मी म्हटलं आणि बसलो.

बाहेर जिन्यावर झेनीने मला गाठलं. नानाय खालच्या पायरीवर बसून झेनीच्या डब्यातलं खात होती.

"ती बटणं आहेत हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं," झेनी म्हणाली. "टाका उसवून बघितला. नांगराचं चित्र असलेली पितळी बटणं. कोट तुमच्या भिंतीवर लटकलेला मी पाहिला होता. मला वाटलं, तू दिलीस. नाण्यांना पैसे नसतील, म्हणून बापाची एवढी एक आठवण होती ती कापून मला दिलीस. आणि बोलून दाखवलं नाहीस."

मी खाली नानायकडे पाहिलं.

"स्टोव्ह गेला तेव्हा मी ती पिशवी काढून बघितली. डेंग्यूत बघितली. प्रत्येक वेळी म्हटलं, असा असला तरी आत कुठेतरी तो बटणंवाला माणूस आहे." तिने नाक पुसलं. "म्हणजे बावीस वर्षं मी संसार केला तो नानायशी."

मला लाज वाटली. अशी लाज मला याआधी वाटलेली आठवत नाही. आखाड्यातल्या हसण्याने वाटली नव्हती. तिने जे एकच माझं म्हणून जपलं, तेही माझं नव्हतं. भाषण फाडून टाकलं.

१६ मे, मंगळवार

मेणबत्ती लावली नाही. नानायला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. खऱ्या. मोतीबिंदू निघाला.

३० ऑक्टोबर

कोर्टाचा लिफाफा आला. मी एकट्याने उघडला. अर्ज मंजूर. आमचं लग्न सुरुवातीपासूनच नव्हतं असं मानायचं. आयलीनने दुबईहून फोन केला. "पापा, मग मी कुठून आले?"

"तू कायदेशीर आहेस, निकालातच लिहिलंय. मीच तेवढा नाही."

ती हसली, मग म्हणाली, "तू ठीक आहेस ना?" हे मला कोणी विचारत नाही, कारण मी नेहमीच ठीक असतो. म्हटलं, विचार करून सांगतो.

२६ एप्रिल २०२४

आज मेयरच्या कचेरीत झेनी आणि क्रिस्पिनचं लग्न. नोंदणीतला शेवटचा शिक्का गेल्या महिन्यात पडला. नानाय त्यांच्या लग्नाची साक्षीदार, धर्ममाता. माझ्याकडे काम एकच, नानायला वेळेवर पोहोचवणं. अर्धा तास आधी पोहोचवली. दोघींनी घड्याळ तपासलं.

बारोंगखाली मी माझ्याच लग्नातली विजार घातली होती. दुसरी काळी नाही. पायऱ्या चढताना विजारीचं बटण तुटून थेट रस्त्यावर गेलं. मी एका हाताने विजार धरून कोपऱ्यात उभा राहिलो. नानायने सवयीने पर्स उघडली, सुईदोरा काढला.

"नानाय, तुम्ही बसा," झेनी म्हणाली. नवरीच्या कपड्यात ती माझ्यासमोर आली, आपल्या पर्समधून ती जुनी पिशवी काढली आणि एक पितळी बटण माझ्या हातावर ठेवलं. सुईदोराही ठेवला.

"सगळीच नाही देणार?"

"बाकीची बारा माझी आहेत. मला सासूने दिलीत. कोर्टाने नवरा रद्द केलाय, सासू नाही. लाव ते."

"मी?"

"तूच."

जिन्याखाली उभा राहून लावलं. बोटाला तीनदा टोचलं. तेवढ्यात वर टाळ्या वाजल्या, म्हणजे त्यांचं लग्न माझ्याशिवाय लागलं.

२० मे

मनिलात क्रिस्पिनचं ऑपरेशन. दुकान बंद नको म्हणून झेनीने किल्ल्या माझ्याकडे दिल्या. आधी नानायकडे देणार होती. नानाय म्हणाली, माझ्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांवर अजून पट्टी आहे. पट्टी निघून पंधरा दिवस झाले.

अकरा वाजता फोन आला. मागे हॉस्पिटलचे आवाज.

"झालं. झडप बसली. शुद्धीवर येतोय." तिचा आवाज थकलेला होता. "देल्यो, टेबलामागच्या बाईने विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, बायको. तिने वरसुद्धा पाहिलं नाही. पेन दिलं हातात."

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, आणि थोडं दुखलंही.

"दुकान उघडलंस?"

"पाच वाजता."

तिने "पाच?" असं दोनदा विचारलं. "आणि लोमी?"

"खारट झालीये. लोक शिव्या देत खातायत."

"बटण?"

मी खाली पाहिलं. "तिरकं आहे," म्हटलं, "पण जागेवर आहे."